ओल्या बल्बाचं माप

परळच्या भोईवाड्यात मे महिन्यात जो माणूस पाण्याचा कूलर विकत घेतो, तो पैसे मोजून उकाडा घरी आणतो. नागपूरच्या वाचकाला हे वाक्य चमत्कारिक वाटेल. तिकडे मार्च लागला की टिनाचे कूलर माळ्यावरून उतरतात, जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या किंवा लाकडाच्या तुसाच्या नव्या ताट्या बसतात, आणि खिडकीला लावलेल्या त्या डब्याच्या जोरावर शिक्षकापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा काढतात. राज्य एक, उन्हाळा एक आणि यंत्रही एकच. तरी एका टोकाला ते वरदान ठरतं आणि दुसऱ्या टोकाला फसवणूक. मुंबईतल्या दुकानांत एप्रिलमध्ये कूलरच्या रांगा लागतात तेव्हा ही गोष्ट गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. स्वस्त, वीज न खाणाऱ्या, ‘निसर्गाशी जुळणाऱ्या’ गारव्याबद्दल जे भरभरून लिहिलं जातं, त्यातही ती बहुधा वाऱ्यावर सोडलेली असते.

कारण साधं आहे. पाणी वाफ होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी वाफ व्हायला विजेच्या दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता लागते. दीड टनाचा एसी तासाभरात खोलीतून जेवढी उष्णता बाहेर फेकतो तेवढीच उष्णता आठेक लिटर पाणी वाफ होताना शोषून घेतं, तेही कॉम्प्रेसरशिवाय. मात्र वाफेला हवेत जागा हवी. ती किती आहे हे साध्या तापमापकाला कळत नाही. त्यासाठी दुसरा तापमापक लागतो, ज्याच्या बल्बाभोवती ओली मलमल गुंडाळलेली असते. हवा कोरडी असेल तर मलमलीतलं पाणी भराभर उडतं आणि पारा खाली येतो. हवा दमट असेल तर पारा जिथल्या तिथे राहतो. पाण्याच्या जोरावर हवा जास्तीत जास्त किती थंड होईल, याची हद्द हा ओला बल्ब सांगतो.

आता दोन गावं शेजारी ठेवून पाहा. नागपुरात पारा 44 अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओला बल्ब 23 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे एकवीस अंशांची उतरंड हाताशी आहे. बरा कूलर त्यातली तीन चतुर्थांश गाठतो आणि खोलीत 28 अंशांची हवा सोडतो. भोईवाड्यात पारा 34 वर आणि आर्द्रता 65 टक्के असेल, तर ओला बल्ब साडेअठ्ठावीसच्या घरात. उतरंड जेमतेम साडेपाच अंशांची. कूलर लावला तर हवा चार अंशांनी उतरेल, पण ती पाण्याने जवळपास ठासून भरलेली असेल. माणसाचं शरीर हा स्वतःच बाष्पीभवनावर चालणारा कूलर आहे. घाम उडाला तरच आपण निवतो. मुंबईतल्या बंद खोलीत कूलर सुरू केला की तो आणि आपली कातडी हवेतल्या एकाच उरल्यासुरल्या जागेसाठी भांडू लागतात. आकडा उतरतो, माणूस मात्र चिकचिकतो.

जिथे हवा कोरडी आहे तिथे ही विद्या किती पुढे गेली होती, याच्या खुणा महाराष्ट्रातच आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, पाणचक्कीचा हौद सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण त्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचं छत आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. लांबून नहरीने आणलेलं पाणी डोक्यावर पसरलेलं, सूर्य ते तापवणार आणि मराठवाड्याची कोरडी हवा ते निववणार; खाली बसलेल्या वाटसरूला छताची धग लागणार नाही. आज वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत छतावरच्या तळ्यांचं जे तंत्र आकृत्या काढून शिकवतात, त्याचा हा चालता नमुना. नळदुर्गला बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात 1613 साली पाणीमहाल बांधला गेला, तोही वाहत्या पाण्याच्या सोबतीने. इंग्रजी अमदानीत विदर्भातल्या बंगल्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि भिस्ती त्यांवर पाणी मारत फिरत. विजेचा पंखा नव्हता, वारा ताटीतून शिरे, हेच यंत्र. साहेबाचा गारवा स्वस्त होता, कारण भिस्त्याची मजुरी स्वस्त होती. कोणताही ‘लो-कॉस्ट’ उपाय समोर आला की पैसे कुठून वाचले आणि ते कुणाच्या अंगावर पडले, हे आधी तपासावं.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अहमदाबादेत टोरंट या औषध कंपनीचं संशोधन केंद्र उभं राहिलं, तेव्हा निमिष पटेल आणि परुल झवेरी या वास्तुरचनाकारांनी हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर वापरली. उंच मनोऱ्यांच्या माथ्यावर पाण्याचे अतिसूक्ष्म फवारे बसवले. थंड झालेली हवा जड होऊन आपोआप खाली उतरते आणि प्रयोगशाळांतून फिरते. मला या इमारतीत सर्वांत शहाणपणाची वाटते ती गोष्ट वेगळीच: पावसाळा लागला की फवारे बंद आणि छताचे पंखे सुरू. आपल्या युक्तीची हद्द कुठे संपते हे इमारतीच्या आराखड्यातच लिहिलेलं आहे. नागपूरचा कूलरवालाही हे जाणतो. पहिला पाऊस पडला की कूलर चिकचिक करू लागतो आणि ताट्या वाळत पडतात. राष्ट्रीय इमारत संहितेत नागपूर ‘उष्ण-कोरड्या’ विभागात येत नाही, ‘संमिश्र’ विभागात येतं, ते याचमुळे.

कोरड्या प्रदेशातही हिशोब पाण्याशी अडतो. तासाला आठ-दहा लिटर म्हणजे दहा तासांत ऐंशी ते शंभर लिटर. जल जीवन मिशनचं ग्रामीण माणसामागचं दिवसाचं पाणी 55 लिटर. ज्या गावात टँकरची वाट पाहिली जाते तिथे एका खोलीच्या गारव्यासाठी जवळजवळ दोन माणसांचं दिवसाचं पाणी उडवा, असं कुठल्या तोंडाने सांगणार? या मुद्द्यावर कूलरची बाजू सोडून एसीकडे पळणाऱ्यांनी मात्र जरा थांबावं. दहा तासांत एसी बारा-पंधरा युनिटं खातो. ती वीज कोराडी, खापरखेडा किंवा चंद्रपूरला कोळसा जाळून होते आणि औष्णिक केंद्रांनी प्रत्येक युनिटामागे साडेतीन लिटरांपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असा नियम केंद्र सरकारने 2015 साली केला. नियम तंतोतंत पाळला तरी एसीच्या त्या दहा तासांसाठी चाळीस-पन्नास लिटर पाणी शीतमनोऱ्यातून आकाशात जातं. म्हणजे एसीवाल्याच्या घरातही पाण्याचा कूलर चालू असतो, फक्त तो दूर कुणाच्या तरी शिवारात उभा असतो. वर कोळसा, राख आणि बिल. कोरड्या हवेत मी पाण्याच्या बाजूने उभा राहतो, आणि त्यातही पंप-पंख्याच्या डब्यापेक्षा छतावर ओलं पोतं, दाराला ताटी, भिंतीला जाडी आणि संध्याकाळी अंगणात सडा यांच्या बाजूने. त्यांना त्याच पाण्यात जास्त काम करता येतं, कारण आधी ऊन अडवलेलं असतं.

आता परळकडे येऊ. हवेत मुद्दाम पाणी सोडण्याचा उद्योग या भागाने शंभर वर्षं केला आहे, आणि तो गारव्यासाठी नव्हता. भोईवाड्याच्या चहूबाजूंना गिरण्यांची धुराडी होती. साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालत त्या शेडमध्ये, हवा कोरडी पडली की ताण्याचा धागा तुटतो. म्हणून खिडक्या बंद ठेवून हवेत वाफ किंवा फवारा सोडला जाई. इंग्लंडमधल्या लँकेशायरची हवा मुळातच ओलसर, तिथेही मालक वाफ सोडत. मुंबईत तर हवा दमट असूनही धाग्याला ती पुरत नसे. धागा सांभाळला जाई आणि साचेवाला घामाने निथळत असे. पगाराच्या दृष्टीने साचेखातं गिरणीतलं वरचं खातं. तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण बाण्याचा धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे आणि तो विटाळेल म्हणून इतर कामगार अडून बसत. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या संपात हा प्रश्न ऐरणीवर आणला. सगळ्यांत चांगला पगार आणि सगळ्यांत वाईट हवा एकाच खात्यात, आणि त्या खात्याच्या दारावर जात उभी, असं ते गणित होतं.

या जाचातून एक फार मोलाची गोष्ट मात्र निघाली. ब्रिटनमध्ये 1889 साली कापड कारखान्यांसाठी कायदा झाला आणि शेडमध्ये किती ओलावा चालेल याचं कोष्टक त्यात आलं: कोरड्या बल्बाचा अमुक आकडा असेल तर ओल्या बल्बाचा तमुकपेक्षा जास्त नको. जे. एस. हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने 1905 साली दाखवून दिलं की माणूस कोसळतो तो हवेच्या तापमानामुळे नव्हे, ओल्या बल्बाच्या तापमानामुळे. स्थिर हवेत ते 31 अंशांच्या वर गेलं की शरीर तापत जातं. आज अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत तरुण, धडधाकट माणसांवर केलेले प्रयोग दमट हवेसाठी पुन्हा त्याच आकड्याच्या आसपास येऊन थांबतात. भारताच्या 1948 च्या कारखाना कायद्याचं पंधरावं कलम कृत्रिम ओलाव्याबद्दलच होतं. हवेत सोडायचं पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं किंवा पिण्याजोगं हवं, इथपर्यंत त्यात बारकावा होता. नियमांनुसार साचेखात्यात दोन्ही बल्बांचे आर्द्रतामापक टांगायचे, दिवसातून ठरावीक वेळी नोंदी करायच्या, कोरडा पारा 85 फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 29 अंशांच्या वर गेला की वाफ सोडणं बंद. हे नियम किती गिरण्यांनी मनापासून पाळले हा वेगळा विषय. पण मोजायचं काय, हे कायद्याला ठाऊक होतं.

पाळी सुटल्यावर तोच कामगार ज्या खोलीत जाऊन पडे, तिथे असा मापक कधी लागला नाही.

खोलीच्या हवेचा विचार झालाच नव्हता असं मात्र नाही. 1896 च्या प्लेगने शहराची झोप उडवल्यावर 1898 साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 च्या सुमाराला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ काढली तर ती साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा चढी नसावी. सोप्या भाषेत, समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. प्रेरणा उजेडाची आणि रोगराईची होती; पण दमट शहरात तोच वाऱ्याचाही नियम ठरतो. बाबासाहेब 1912 ते 1934 परळच्या ज्या बीआयटी चाळीत राहिले, ती याच ट्रस्टची. नंतर 1920 पासून बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने नायगाव, वरळी, डिलाइल रोड आणि शिवडीला काँक्रीटच्या 207 चाळी उठवल्या. नायगावच्या बीडीडी चाळी भोईवाड्याला खेटून. मधून बोळ, दोन्ही बाजूंना एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्या.

या चाळींचे गोडवे गाणारं साहित्य आपल्याकडे भरपूर आहे, त्यात भर घालायची माझी इच्छा नाही. एका खोलीत आठ-दहा माणसं, मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, वरच्या मजल्यावर तापलेला स्लॅब. तिथे राहणाऱ्याला पुनर्विकासात पाचशे चौरस फुटांचं, स्वतःच्या मोरी-संडासाचं घर मिळत असेल तर त्याने ते आनंदाने घ्यावं. त्याला ‘चाळीतला वारा’ ऐकवणं हे ज्यांना चाळीत राहावं लागलं नाही अशांचं काम. पण चाळीतली खोली सुसह्य होत होती ती एका गोष्टीने: दार दिवसभर उघडं असे. खिडकीतून आलेला वारा दारातून बोळात जाई आणि समोरच्या खोलीतून बाहेर पडे. घरात दोन बाजूंना भोकं नव्हती, ती शेजाऱ्याने पुरवलेली होती. नव्या टॉवरमध्ये दार बंद, त्यावर सेफ्टी डोअर. आता ती दोन भोकं एकाच घरात असायला हवीत, म्हणजे आराखड्यात जागा हवी. तिथेच सगळं अडतं.

मुंबईत निष्क्रिय, म्हणजे यंत्राविना मिळणारा, गारवा म्हणजे पाणी नव्हे, वारा. ओला बल्ब अठ्ठावीसवर असताना माणसाला वाचवतो तो कातडीवरून सरकणारा वारा, कारण तोच घामाचा थर उडवतो. 2018 साली केंद्र सरकारने घरांसाठी आणलेल्या इको-निवास संहितेने हे मान्य केलं आहे. उष्ण-कोरड्या विभागात घराच्या क्षेत्रफळाच्या दहा टक्के उघडता येणारी खिडकी-दारं पुरे. उष्ण-दमट विभागात 16.66 टक्के, म्हणजे सहावा हिस्सा. आकडा उत्तम. पण खिडकी उघडली आणि तीन मीटरवर समोरची भिंत असेल, तर तो सहावा हिस्सा शोभेचा. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारती तीन मीटरच्या आसपास अंतर ठेवून उभ्या केल्या. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या 2018 च्या अभ्यासात तिथल्या अंधाऱ्या, कोंदट खालच्या मजल्यांचा क्षयरोगाशी असलेला संबंध पुढे आला. ऑरसाहेबांच्या कोनाने मोजलं तर उंची फार तर अंतराच्या दुप्पट हवी होती, इथे ती सात-आठ पट आहे. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम गुलाम देशातल्या वसाहती सरकारला झेपला. स्वतंत्र देशात गरिबांसाठी तो सवलतींच्या यादीतून शिथिल होतो.

‘स्वस्त’ हा शब्द इथे मला नडतो. नागपुरात गारव्याची किंमत पाण्यात मोजायची, ती निदान दिसते. भोईवाड्यात ती दोन इमारतींमधल्या मोकळ्या जमिनीत मोजायची, आणि या शहरात तिच्याइतकं महाग काहीच नाही. चटईक्षेत्राच्या प्रत्येक वाढीत थोडा वारा विकला जातो, पण तो कुठल्याच खात्यावर खर्ची पडत नाही. मग राहणारा माणूस एसी घेतो, त्याचा गरम झोत त्याच तीन मीटरच्या फटीत सोडतो आणि समोरच्याची खिडकी बंद होते. समोरचाही एसी घेतो. ज्याला परवडत नाही त्याच्या वाट्याला दोघांची गरम हवा. एसी ही व्यक्तीची चैन आहे असं मी म्हणणार नाही; वयस्कर, आजारी माणसाला दमट मुंबईत तो उद्या औषधाइतकाच लागेल. पण ज्या इमारतीत एसीवाचून राहताच येत नाही, ती ‘परवडणारं घर’ या नावाने मंजूर होणं ही लबाडी आहे.

भोईवाड्यात पाण्याला अजिबात काम नाही असंही नाही. मार्चमध्ये कधी कधी पूर्वेचा कोरडा वारा दुपारी उशिरापर्यंत समुद्राच्या वाऱ्याला आत येऊ देत नाही. सांताक्रूझचा मार्च महिन्यातला 41.7 अंशांचा विक्रम 28 मार्च 1956 चा आहे. अशा दिवशी मुंबई घटकाभर विदर्भ होते आणि ओली चादर खरंच निववते. दुसरं काम पत्र्यावर. तापून साठ अंशांवर गेलेल्या पत्र्यावरचं पाणी दमट हवेतही झपाट्याने उडतं, कारण तिथे वाफेला ढकलणारी ताकद पत्र्याच्या धगीची असते. वर ओलं पोतं किंवा चुन्याचा पांढरा हात, आणि वाफ घराबाहेर. पाणी छताच्या बाहेरच्या अंगाला, घरात नाही. वरच्या मजल्यावरच्या आणि झोपडीतल्या माणसाला याचा दिलासा मोठा. पण हे उपाय तो माणूस स्वतः करतो. सरकारने आपल्या कामाची यादी म्हणून ते त्याच्या हातात देऊ नयेत.

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि उष्माघाताने चौदा माणसं गेली. पारा चाळिशीच्या खालीच होता. विदर्भाच्या सवयीने पाहणाऱ्याला तो दिवस भयंकर वाटला नसता. हवामान खातं किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा 37 अंशांवर ठेवतं, म्हणजे फरक त्यालाही ठाऊक आहे. तरीही टीव्हीवर आणि मोबाइलवर सांगितला जातो तो कोरडा आकडा, फार तर सोबत आर्द्रतेची टक्केवारी. ती दोन्ही मिळून माणसाला काय करतात, हे ऐकणाऱ्याने मनातल्या मनात सोडवायचं.

म्हणून मागणी छोटी आहे. दोन तापमापक, मलमलीची चिंधी आणि पाण्याची कुपी, एवढ्यात आर्द्रतामापक होतो. बीडीडीच्या नव्या इमारतींत आणि भोईवाड्याच्या आसपासच्या पुनर्विकसित वस्त्यांत तळाच्या, मधल्या आणि वरच्या मजल्यावर, मे आणि ऑक्टोबर हे दोन महिने, खिडक्या उघड्या ठेवून आणि एसी बंद ठेवून ओल्या बल्बाच्या आणि वाऱ्याच्या वेगाच्या नोंदी घ्याव्यात. परळच्या एफ-दक्षिण विभाग कार्यालयाने त्या फळ्यावर लावाव्यात. पुढच्या इमारतीचा आराखडा मंजुरीला आला की विकासकाने आधीच्या नोंदी शेजारी ठेवून सांगावं, आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत मेच्या रात्री अकरा वाजता ओला बल्ब किती असेल आणि खाटेवरून वारा किती वेगाने जाईल. साचेखात्यात आकडा हद्दीबाहेर गेला की वाफेचा कॉक बंद करायला लावणारा कारखाना निरीक्षक होता. घरांच्या बाबतीत आकडा हद्दीबाहेर गेला तर भोगवटा प्रमाणपत्र अडवण्याचा अधिकार कुणाला असेल, हे नियमावलीच्या पुढच्या दुरुस्तीत लिहून घ्यायला हवं.